पहिल्यांदा विचारलं तेव्हा काय सांगितलं होतं?

आधी एक काम करा. तुमचा शेवटचा एसटी प्रवास आठवा. कंडक्टरने तुम्हाला तिकीट दिलं, सुट्ट्या पैशांवरून कदाचित दोन शब्दही झाले असतील. दिवसाउजेडी, हातभर अंतरावरून, आणि कुणी चाकू वगैरे दाखवत नव्हतं. आता त्याचा चेहरा सांगा. मिशी होती का? केस कुठे मागे गेले होते? कान कसे होते?

बहुतेक जण इथे हसतात आणि म्हणतात, “वर्णन जमणार नाही, पण समोर आला तर नक्की ओळखेन.” माझी पीएच.डी. साधारण या एका वाक्याभोवती फिरते. (सिनॉप्सिसमध्ये असं लिहिलं होतं, गाईडनी खोडलं. ब्लॉगवर कोण खोडणार!) आठवून सांगणं आणि पाहून ओळखणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं खरंच सोपं आहे, इथपर्यंत ते वाक्य बरोबर आहे. घोळ त्यातल्या “नक्की” या शब्दात आहे.

‘पेट’ची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांनी विचारलं, की न्यायसहायक विज्ञानात एम.एस्सी. केल्यावर रक्त, ठसे, विष सोडून तू आठवणीकडे कशी वळलीस? त्याचं खरं उत्तर इंटरव्ह्यूत दिलं नव्हतं, इथे देते.

मी वाटूरची. जालना-मंठा रस्त्यावरचा वाटूर फाटा माहीत असेल तर आमचं गाव कळेल. बारावीत असताना एका संध्याकाळी मी आणि काकू रस्त्याने चालत येत होतो. मोटारसायकलवर दोघे आले, मागच्याने चाकू दाखवला, काकूच्या गळ्यातली पोत ओढली आणि गेले. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद. काकू खाली पडली होती, म्हणून ‘चेहरा पाहिलेली’ मी एकटीच. दुसऱ्या दिवशी मला काही फोटो दाखवले. एकापाशी मी थांबले आणि म्हणाले, “हा वाटतो.” शेजारी उभा असलेला कुणीतरी म्हणाला, “बरोबर. आम्हालाही याचाच संशय होता.” लिहिलेल्या जबाबात माझं वाक्य “हाच तो” असं झालं. मी वाचून सही केली. मला त्यात काही चुकीचं वाटलंच नाही, कारण तोवर मलाही तो ‘हाच’ वाटायला लागला होता. महिन्याभरात मी मैत्रिणींना त्याच्या डोळ्यांचं वर्णन सांगत होते.

पुढे कळलं, की त्या संध्याकाळी तो माणूस दुसऱ्याच एका गुन्ह्यात जेलमध्ये होता. तो आत होता म्हणून सुटला. बाहेर असता, घरी झोपलेला असता, तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करते.

आता कामाकडे वळू.

कायद्याच्या भाषेत माझ्या काकूचं प्रकरण ‘जबरी चोरी’. करणारे पाच किंवा जास्त असतील तर तो ‘दरोडा’. आपण बोलताना दोन्हीला लूटच म्हणतो, पण आमच्या विषयात आकड्याने फरक पडतो. पाच-सात अनोळखी चेहरे, अंधार, आरडाओरडा, यातून साक्षीदाराने कुणाकुणाला साठवायचं? अशा गुन्ह्यात आरोपी सापडले की ओळख परेड होते. ती पोलीस घेत नाहीत, बहुधा कार्यकारी दंडाधिकारी घेतात. पंच असतात, पोलिसांनी तिथे थांबायचं नसतं. महाराष्ट्रात उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये याच्या सूचना आहेत: एका आरोपीसोबत निदान सहा डमी, दोन आरोपी असतील तर दहा-बारा, डमी आरोपीसारखेच दिसणारे, आरोपीने रांगेत हवी ती जागा घ्यायची. आणि परेड हा मुख्य पुरावा नाही. मुख्य पुरावा म्हणजे साक्षीदाराने कोर्टात दाखवलेलं बोट. परेड त्याला दुजोरा देते. मुळात ही तरतूद पुरावा कायद्याच्या कलम ९ मध्ये होती, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम ७ मध्ये आहे.

इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या मनात शंका यायला हवी. कोर्टातली ओळख घटनेनंतर कित्येक वर्षांनी होते. आरोपी कुठे उभा असतो ते सगळ्यांना दिसतं. म्हणजे सगळ्यात उशिराचं आणि सगळ्यात दूषित मोजमाप ‘मुख्य’ आणि त्याच्या आधीचं दुय्यम! कायद्याची त्यामागे कारणं आहेत. शपथेवर, आरोपीसमोर, उलटतपासणीला तोंड देत बोललेलंच खरं मानायचं, हे तत्त्व कमी महत्त्वाचं नाही. पण मोजमापाच्या शास्त्राला ते उलटं वाटतं, आणि या दोघांच्या फटीत माणसं अडकतात.

किती वाईट अडकतात, त्याचं महाराष्ट्रातलं उदाहरण माझ्या टेबलावर कायम असतं. जून २००३, नाशिकजवळची एक शेतवस्ती. रात्री टोळी आली, पैसे आणि दागिने लुटले, बायकांवर अत्याचार केले आणि पाच जणांना मारून टाकलं. घरातले दोघे जण वाचले. तेच प्रत्यक्षदर्शी. पुढे भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही परत फाशी दिली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाने पुनर्विलोकनात आपला निकाल मागे घेऊन अपील नव्याने ऐकायला घेतलं, आणि ५ मार्च २०१९ रोजी न्या. सीकरी, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. शाह यांनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई. तोवर सोळा वर्षं गेली होती. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

तो निकाल जरूर वाचा. भाषा सोपी आहे. खटल्याचा कणा एकच होता: वाचलेल्या दोघांनी आरोपींना ओळखलं. आणि तो कणा जिथे मोडला ती जागा नीट बघा. घटनेनंतर अगदी दोन-तीन दिवसांत त्यातल्या एका साक्षीदाराला पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता, आणि त्यातून चार जण ओळखले गेले होते. हे चौघे पुढे आरोपी झालेच नाहीत. खटला चालला तो भलत्याच सहा जणांवर. पहिल्यांदा विचारलं तेव्हा साक्षीदाराने जे सांगितलं होतं त्याचं काय झालं, याचं सरकारी पक्षाकडे समाधानकारक उत्तर नव्हतं.

साक्षीदार खोटं बोलत होती का? मला तसं वाटत नाही, आणि कृपा करून तुम्हीही असं पटकन म्हणू नका. तिने जे भोगलं ते भोगलेला माणूस बोट खोटेपणाने उचलत नाही. प्रश्न वेगळा आहे. एम.एस्सी.त आम्हाला रक्ताचा नमुना घ्यायला शिकवलं तेव्हा पहिल्या दिवशी सांगितलं होतं: हातमोजे, सील, लेबल, पंचांच्या सह्या, कुणाकडून कुणाकडे गेला त्याची नोंद. एकदा हात लागला की नमुना खराब. चेहऱ्याची आठवण हाही मुद्देमालच आहे. फरक इतकाच, की तो साक्षीदाराच्या डोक्यात ठेवलेला असतो, त्याला सील लागत नाही आणि प्रत्येक वेळी बाहेर काढून बघितला की तो थोडा बदलतो.

अल्बमचंच घ्या. साक्षीदाराने आधी फोटो पाहिले, मग काही दिवसांनी परेडमध्ये त्यांपैकीच एक माणूस उभा. त्याला तो ओळखीचा वाटणारच. पण ओळखीचा का वाटतो, रस्त्यावर पाहिला म्हणून की फोटोत पाहिला म्हणून, हे मेंदू वेगळं लिहून ठेवत नाही. ‘ओळखीचा’ एवढाच शेरा मारतो. उगमाचा हा गोंधळ १९७७ पासून प्रयोगांत दिसतोय. डेफेनबाखर, बोर्नस्टीन आणि पेनरॉड यांनी २००६ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून विश्लेषण केलं. त्यांना अजून एक गोष्ट ठळक दिसली: फोटोंमधून चुकीचा माणूस एकदा निवडला, की पुढे परेडमध्ये साक्षीदार तोच माणूस धरून बसतो, खरा गुन्हेगार शेजारी उभा असला तरी. माझ्या बाबतीत परेडपर्यंत गोष्ट गेली नाही. गेली असती तर मी कुणाला दाखवलं असतं ते सांगायची गरज नाही.

आणि त्या अल्बममध्ये असतं कोण? आधी पकडलेले. आधी पकडलं जातं कुणाला? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कायदा गेला, नजर किती गेली? गावात चोरी झाली की पहिली विचारपूस कुणाच्या पालावर होते, हे मराठवाड्यात वाढलेल्या कुणाला मी वेगळं सांगायला नको. सॅम्पलिंग बायस शिकताना पाठ्यपुस्तकातलं टेलिफोन सर्व्हेचं उदाहरण देतात, त्याऐवजी हे द्यावं असं मला फार वाटतं. साक्षीदाराची स्मृती शंभर टक्के शुद्ध असली तरी निवड त्या अल्बममधल्या चेहऱ्यांतूनच होणार ना?

या क्षेत्राला दिशा देणारा पेपर गॅरी वेल्स यांचा, १९७८ चा. त्यांनी एक साधी वाटणी केली. काही गोष्टी आपल्या हातात नसतात: उजेड, अंतर, किती वेळ पाहिलं, शस्त्र होतं का, भीती किती वाटली. यांचा परिणाम नंतर फक्त अंदाजाने सांगता येतो. काही गोष्टी मात्र यंत्रणेच्या हातात असतात: कसं विचारलं, डमी कोण निवडले, काय सूचना दिल्या, परेड कोणी घेतली. वेल्स यांचं म्हणणं, दुसऱ्या प्रकारावर जास्त संशोधन करा, कारण तिथे सुधारणा करता येते. तुम्ही विषय शोधत असाल तर ही वाटणी इतर कुठल्याही क्षेत्रात लावून बघा, निम्मे विषय आपोआप गळून पडतात.

पहिल्या प्रकारातलं थोडक्यात सांगते. लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये स्लाइड दाखवल्या: खाण्याच्या दुकानात एक माणूस कॅशियरसमोर काहीतरी धरतो. निम्म्या लोकांना चेक दिसला, निम्म्यांना पिस्तूल. डोळ्यांची हालचाल मोजली तर पिस्तूल पाहणाऱ्यांची नजर पुन्हापुन्हा पिस्तुलावरच, आणि चेहरा ओळखण्यात ते मागे. मला आजही तो चाकू आठवतो, मूठ निळी होती. भीतीबद्दल मॉर्गन आणि सहकाऱ्यांचा २००४ चा अभ्यास बघा. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणात, नकली युद्धकैदेत, सैनिकांची चाळीसेक मिनिटं समोरासमोर चौकशी झाली. नंतर रांगेतून चौकशी करणाऱ्याला ओळखायचं होतं. चौकशी सौम्य होती त्यांच्यापैकी ६२ टक्के बरोबर, कठोर होती त्यांच्यापैकी ३० टक्के. “एवढ्या भीतीत पाहिलेला चेहरा जन्मात विसरणार नाही” हे सिनेमातलं वाक्य आहे. (असा प्रयोग आपल्याकडे करायचा विचार डोक्यात आला असेल तर काढून टाका. नैतिकता समिती दारातूनच परत पाठवेल, आणि योग्यच करेल.)

दुसऱ्या प्रकारातला माझा आवडता प्रयोग फार स्वस्त आहे. कॅनडातल्या एका लुटीच्या प्रकरणात कॅशियरला दरोडेखोरांबद्दल जवळपास एवढंच आठवत होतं, की ते नीटनेटके आणि दिसायला बरे होते. तरी तिने बारा जणांतून संशयिताला ओळखलं. डूब आणि किर्शेनबॉम यांनी १९७३ मध्ये त्याच रांगेचा फोटो अशा लोकांना दाखवला ज्यांनी गुन्हा पाहिलाच नव्हता, आणि विचारलं, “गुन्हेगार दिसायला बरा होता, यातला कोणता असेल?” अंदाजाने बारातला एक बरोबर येईल. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास लोकांनी थेट संशयितावर बोट ठेवलं. म्हणजे उभे बारा होते, पण परेड जेमतेम दोघांचीच होती. बाकीचे दहा नुसते जागा भरायला.

हे गणित एकदा कागदावर करा. एक आरोपी, सहा डमी, साक्षीदार निव्वळ अंदाजाने बोलतो: आरोपीवर बोट जाण्याची शक्यता सातात एक, सुमारे १४ टक्के. तीन साक्षीदारांनी स्वतंत्रपणे, अंदाजानेच, त्यालाच निवडायची शक्यता ३४३ मध्ये एक. म्हणून “तिघांनी ओळखलं” हे ऐकायला भक्कम वाटतं. पण ते भक्कम आहे दोन अटींवर. डमी खरोखर सारखे दिसणारे हवेत, आणि तिघे खरोखर स्वतंत्र हवेत. तिघांनी आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दरोडेखोर जेरबंद’ असा एकच फोटो पाहिला असेल, तर ते तीन साक्षीदार नाहीत. एकच फोटो तीन वेळा मोजला गेलाय.

आता “आम्हालाही याचाच संशय होता” या वाक्याबद्दल. १९९८ मध्ये वेल्स आणि ब्रॅडफील्ड यांनी लोकांना एका बंदूकधाऱ्याचं सीसीटीव्ही चित्रण दाखवलं, मग काही फोटो दिले ज्यात तो माणूस नव्हताच. म्हणजे ज्यांनी कुणाला निवडलं ते सगळेच चुकले. मग काहींना सहज म्हटलं, “छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत.” काहींना काहीच सांगितलं नाही. नंतर विचारलं, की निवडताना तुम्हाला किती खात्री होती, चेहरा किती नीट दिसला होता, लक्ष किती होतं? शाबासकी मिळालेल्यांची उत्तरं सगळ्याच बाबतीत वर गेली. लक्षात घ्या, त्यांची आत्ताची खात्री वाढली एवढंच झालं नाही. ‘तेव्हा किती खात्री होती’ याची आठवणही बदलली. हा पेपर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा होस्टेलच्या गच्चीवर जाऊन बराच वेळ नुसती बसले होते.

यावरून उपाय सुचतो: परेड घेणाऱ्याला स्वतःलाच संशयित कोण ते माहीत नको. औषधांच्या चाचणीत डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही आंधळं ठेवतात तसं. आपल्या पद्धतीत पोलीस बाहेर असतात हे फार चांगलं, पण डमी आरोपीसारखे आहेत का हे दंडाधिकाऱ्यांनीच बघायचं, म्हणजे आरोपी कोण हे त्यांना माहीत असणारच. डमी निवडणारा एक आणि साक्षीदारासमोर उभा राहणारा दुसरा, एवढा बदल पुरेल. त्याला मशीन लागत नाही, फारसा खर्चही नाही.

एक चेतावणी, कारण इथवर वाचून बरेच विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातात आणि “साक्षीदाराची खात्री कवडीमोल” असं लिहून मोकळे होतात. मीही पहिल्या सेमिनारमध्ये असंच ठणकावून सांगितलं होतं आणि प्रश्नोत्तरांत उघडी पडले. २०१७ मध्ये विक्स्टेड आणि वेल्स यांनी एकत्र मांडणी केली: पहिली, स्वच्छ, न्याय्य परेड असेल आणि त्याच क्षणी साक्षीदाराच्या शब्दांत खात्री नोंदवली असेल, तर ‘खूप खात्री’ म्हणणारे बहुतांशी बरोबर असतात. खात्री निरुपयोगी ठरते ती नंतरची, कोर्टातली, वाढत गेलेली. म्हणून “हा वाटतो” आणि “हाच तो” यांतला फरक नोंदवणं हा भाषेचा चोखंदळपणा नाही. तो डेटा आहे.

“पण खऱ्या प्रकरणांत चूक किती होते हे कळणार कसं?” हा प्रश्न तुम्हाला आरआरसीत हमखास येईल. प्रयोगात खरा गुन्हेगार कोण ते आपल्याला माहीत असतं, म्हणून तो नसलेली रांगही मुद्दाम दाखवता येते, आणि चुकीचा दर मिळतो. प्रत्यक्षात ते माहीत नसतं. पण एक फट आहे: डमी. डमी निर्दोष आहे हे आधीच ठाऊक असतं, म्हणून डमीवर गेलेलं बोट ही शंभर टक्के चूक. अमेरिका-ब्रिटनसारख्या देशांतल्या खऱ्या प्रकरणांतल्या हजारो ओळखींचा एकत्रित हिशेब २०२० च्या एका आढाव्यात आहे: सुमारे २४ टक्के वेळा बोट डमीवर गेलं. जवळजवळ चौथा हिस्सा. त्या बोटाखाली डमीऐवजी निर्दोष संशयित उभा असता तर ती चूक कुणाला दिसलीही नसती. आपल्याकडे परेडचं मेमोरँडम मराठीत लिहिलेलं असतं आणि खटल्याच्या कागदांत जोडलेलं असतं. डमीवर किती बोटं गेली हे त्यातून मोजायचा माझा प्रयत्न चालू आहे. परवानग्यांची कथा पुढच्या लेखात, ती स्वतंत्र दरोड्याची गोष्ट आहे.

ज्यांना हात चालवून बघायचाय त्यांनी डूब-किर्शेनबॉमचा प्रयोग करा. सात मित्रांचे सारख्या पार्श्वभूमीवर फोटो काढा, त्यांची लेखी संमती घ्या. एकाला मनातल्या मनात ‘संशयित’ ठरवा आणि त्याचं एका ओळीचं वर्णन लिहा. मग ज्यांना यातलं काही माहीत नाही अशा तीस-चाळीस जणांना फक्त ते वर्णन आणि फोटो द्या. फोटोंचा क्रम प्रत्येकासाठी बदला. एकूण लोकांना संशयित निवडणाऱ्यांच्या संख्येने भागा. उत्तर सातच्या जवळ आलं तर तुमची परेड चांगली. माझ्या पहिल्या प्रयत्नात ते तीनच्या खाली आलं होतं, कारण वर्णनात ‘दाढी’ होती आणि दाढीवाले मित्र दोनच मिळाले होते. आणि फोटो दाखवायचं काम अशा माणसाला द्या ज्याला संशयित कोण ते माहीत नाही. मी स्वतः दाखवत होते तेव्हा नेमक्या फोटोपाशी माझा हात थोडा जास्त थांबायचा, असं रूममेटने सांगितलं. मला ते कळतही नव्हतं.